तीनदा ‘कबूल’, तरीही नाकबूल

उर्दू शाळेच्या मास्तराकडे गावातले लोक दोन प्रकारचे कागद घेऊन येतात. एक म्हणजे आजा-पणजाच्या वेळची उर्दूतली पत्रे आणि व्यवहाराचे कागद. दुसरा म्हणजे निकाहनामा. पहिला वाटणीच्या भांडणासाठी लागतो, दुसरा परदेशी जाण्यासाठी. आम्ही बी.एड. झालो ते मुलांना शिकवण्यासाठी. पण फोंडाघाटच्या बाजारपेठेत आमची ओळख ‘निकाहनाम्याचं इंग्रजी करून देणारे मास्तर’ अशीच झाली आहे. या कामाचे पैसे आम्ही घेत नाही. चहा मात्र नाकारत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. छत्रीतून पाणी गळत होते, पण प्लास्टिकच्या पिशवीतला कागद कोरडा होता. जावई परदेशात नोकरीला. मुलीने त्याच्याकडे जाण्यासाठी पत्नी म्हणून व्हिसा मागितला होता आणि तो नाकारल्याचे पत्र आले होते. देशाचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण हे पत्र कुठल्याही देशाच्या कचेरीतून येऊ शकले असते. पत्राचा मथितार्थ एवढाच : तुमचे लग्न खरे आहे याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.

कारणे तीन दिली होती. निकाहाच्या विधीत वर-वधू एकत्र असल्याचा एकही फोटो नाही. लग्नानंतर दोघे जेमतेम सव्वीस दिवस एका घरात राहिले आणि त्यानंतरच्या संबंधांचा समाधानकारक पुरावा नाही. आणि निकाहनाम्याच्या भाषांतरातली तारीख व ग्रामपंचायतीच्या दाखल्यातली तारीख यांत एका दिवसाचा फरक आहे. तिसऱ्या कारणाकडे आम्ही पुढे येणारच आहोत, कारण त्यात आमचाही हात आहे.

पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मुलगी काही बोलली नाही. आई म्हणाली, “मास्तरानू, मांडवात चारशे माणसा जेवली. आमचा लगीन खोटा आसा काय?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्ही हा लेख लिहीत आहोत. ते उत्तर दोघांच्या विरोधात जाते. एक तो साहेब, ज्याला आपले लग्न दिसत नाही. आणि दुसरे आपण, ज्यांनी ते दिसावे अशी व्यवस्था कधी केली नाही.

आधी साहेबाचे बघू.

लग्न खरे कशावरून ठरते? साहेबाच्या मते नवरा-बायको एका छताखाली राहतात, एकत्र फोटो काढतात, एकत्र फिरायला जातात, बँकेत जोडखाते ठेवतात. हे ज्याच्याकडे आहे त्याचे लग्न खरे. आता ही फूटपट्टी घेऊन साहेबाने एकदा कोकणात यावे. इथला संसार पिढ्यान्‌पिढ्या दोन गावांत चाललेला संसार आहे. नवरा मुंबईला गिरणीत, गोदीत, नवरा आगबोटीवर खलाशी, नवरा आफ्रिकेत, आणि १९७० नंतर नवरा आखातात. बायको घरी, सासू-सासऱ्यांच्या सेवेला. आमच्या हिंदू शेजाऱ्यांचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, आमचा ईदला आणि मे महिन्यात. चाळीस वर्षांच्या संसारात सोबतीचे दिवस मोजले तर पुरती चार वर्षेही भरणार नाहीत, अशी जोडपी आमच्या ओळखीची आहेत. त्यांची लग्ने खोटी? मनिऑर्डरच्या कुपनावर लिहिलेल्या चार ओळी ज्या बाईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या, तिच्याकडे ‘संबंधांचा पुरावा’ नाही?

फोटोचेही तसेच. आपल्याकडे निकाहाच्या वेळी वर पुरुषांच्या मांडवात बसलेला असतो आणि वधू आत बायकांत. वकील आणि दोन साक्षीदार आत जाऊन तिची संमती घेतात, बाहेर येऊन ती सांगतात, मग काझी खुतबा वाचतो आणि वराला विचारतो. दोघांचा एकत्र फोटो येणार कुठून? ज्या क्षणी निकाह होतो त्या क्षणी ते दोघे एका जागी नसतात, हीच आपली रीत. साहेब मागतो तो फोटो काढायचा तर रीत मोडावी लागेल किंवा मागाहून नाटक वठवावे लागेल. आणि प्रेमाचे संदेश? जी बाई नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, ‘मुन्नाचे अब्बा’ म्हणते, तिने मोबाइलवर काय लिहिले असेल? ‘तब्येत सांभाळा. अम्मीचे औषध आणले. पाऊस फार.’ आमच्या दृष्टीने याहून खरे प्रेमपत्र नाही. साहेबाच्या दृष्टीने तो हवामानाचा अहवाल आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खोटी लग्ने होतात. पैसे घेऊन कागदोपत्री नवरा-बायको बनवणारे एजंट आहेत, त्यात आपलेही लोक आहेत. आपल्या देशात कोण येतो हे तपासण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आपला देशही तपासतो. आमचा आक्षेप तपासण्याला नाही, तपासण्याच्या रीतीला आहे. खोटे लग्न करणारा माणूस पुरावा आधी गोळा करतो आणि लग्न नंतर लावतो. त्याच्या फाइलमध्ये फोटो असतात, सहलीची बिले असतात, गोड संदेशांची चळत असते. खऱ्या लग्नाला पुराव्याची आठवणच होत नाही. त्यामुळे या चाळणीतून कित्येकदा लबाड सुटतो आणि भोळा अडकतो.

ही चाळणी काल-परवा बनलेली नाही. तिचा इतिहास आपल्या लोकांनी वाचला पाहिजे, कारण त्यात आपणच आहोत.

हसन इसप नावाचा एक भारतीय मुसलमान दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला राहत होता. १९०८ साली तो मायदेशी आला, बाई मरियमशी निकाह केला आणि परत गेला. १९१२ मध्ये तो तिला घेऊन जायला आला. पण आफ्रिकेच्या बंदरावर तिला उतरण्याची परवानगी मिळाली नाही. प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला : ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न या देशाचा कायदा लग्न मानत नाही. बाई मरियम हसनची एकुलती एक बायको होती, पण तिचा निकाह मुळात ग्राह्यच नव्हता. आणि ती एकटीच नव्हे. त्या एका निकालाने दक्षिण आफ्रिकेतल्या सगळ्या हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या लेखी बिनलग्नाच्या ठरल्या.

त्या काळी आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. त्या रत्नागिरीचे कोकणी मुसलमान केपटाऊनला पोट भरायला गेले होते, आजही त्यांचे वंशज तिथे ‘कोकणी’ म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे सर्ल साहेबांचा निकाल आपल्याच पणज्यांच्या कपाळावर लिहिला गेला होता. या निकालाने गांधीजींच्या लढ्यात स्त्रिया उतरल्या. कस्तुरबांनी तुरुंगवास भोगला तो १९१३ साली, याच प्रश्नावर. १९१४ च्या कायद्याने तोडगा निघाला, एका पत्नीला प्रवेश मिळाला. पण निकाहाला पूर्ण मान्यता त्या देशात मिळाली नाही ती नाहीच. तिथल्या घटना न्यायालयाने मुस्लिम विवाहांना कायद्याबाहेर ठेवणे घटनाविरोधी ठरवले ते २८ जून २०२२ रोजी. बाई मरियमपासून तिथवर एकशे नऊ वर्षे गेली.

दुसरी गोष्ट विलायतेची. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय स्त्री उतरली. पेशाने शिक्षिका होती, आमच्याच जातकुळीची. तिथल्या आपल्या वाग्दत्त वराशी लग्न करायला आली होती. अधिकाऱ्याला वाटले, या वयाची बाई अविवाहित कशी असेल? म्हणून तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. बातमी फुटली, गदारोळ झाला आणि ती प्रथा बंद करण्यात आली. पण पुढे, २०११ साली, संशोधकांनी ब्रिटिश सरकारच्याच जुन्या फायली बाहेर काढल्या तेव्हा कळले की ती एकटी नव्हती. अशा किमान ऐंशी स्त्रिया होत्या, आणि बहुतेकींची तपासणी भारतातच, दिल्ली आणि मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांत झाली होती. नाते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी साहेब बाईच्या देहापर्यंत गेला होता. ही मध्ययुगातली गोष्ट नाही, आमच्या आई-वडिलांच्या काळातली आहे.

देह तपासणे थांबले, मग मन तपासणे सुरू झाले. १९८० च्या नियमांपासून ब्रिटनमध्ये ‘मुख्य हेतू’ नावाची अट होती. तिकडे राहणाऱ्या मुलीशी लग्न करणाऱ्याने सिद्ध करायचे की आपल्या लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही. नसलेला हेतू सिद्ध कसा करायचा? ‘लग्नानंतर कुठे राहणार?’ या प्रश्नाला ‘बायकोकडे, ब्रिटनला’ असे सरळ उत्तर दिले की माणूस सापळ्यात सापडला! आई-बापांनी ठरवलेल्या लग्नांवर, म्हणजे आपल्या उपखंडातल्या लग्नांवर, या अटीचा वरवंटा फिरला. ती रद्द झाली जून १९९७ मध्ये. त्याच काळात डीएनए चाचणी आली. ‘ही मुले तुमची नाहीत’ म्हणून ज्यांना नाकारले होते त्यांतल्या बहुतेकांचे नाते खरे निघाले. म्हणजे यंत्र खरे बोलले, माणसे खरे बोलली होती, आणि खोटा ठरला तो फक्त संशय. पण वाया गेलेली वर्षे कुणी परत केली?

आता तिथे २०१२ पासून वेगळी भाषा आहे : नाते ‘खरे आणि टिकून असलेले’ हवे. आणि त्याबरोबर वर्षाचे किमान उत्पन्न हवे. ते २०१२ मध्ये १८,६०० पौंड होते, एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी २९,००० पौंड झाले. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने नव्या जोडप्याला आधी दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते आणि मग पुन्हा लग्न खरे असल्याचे दाखवावे लागते. आखातात प्रकार निराळा. तिथे संशय कमी, हिशेब जास्त. अमिरातीत २०१९ साली नोकरीच्या हुद्द्याची अट गेली, पण पगाराची राहिली. तेथे प्रेमाचा पुरावा नको, पगाराचा हवा. म्हणून आपला मेसन, आपला ड्रायव्हर, आपला हॉटेलातला पोरगा बायकोला कधी नेऊच शकत नाही. आणि मग दुसऱ्याच एखाद्या देशाचा साहेब विचारतो, तुम्ही एकत्र का राहिला नाहीत? एकाने एकत्र राहू द्यायचे नाही आणि दुसऱ्याने राहिला नाहीत म्हणून लग्न खोटे ठरवायचे!

इथवर आपली बाजू. इथे थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण आम्ही मास्तर आहोत; दुसऱ्याच्या चुका दाखवून आपल्या मुलाचा पेपर सुधारत नाही, हे आम्हाला रोज दिसते. आता आपल्या घराकडे बघू.

त्या मुलीचा निकाहनामा आमच्यासमोर होता. छापील पुस्तकातले पान, कार्बन कागदावर उमटलेले. वधूच्या नावापुढे नुसते नाव आणि ‘बिन्त’ अमुक, आडनाव नाही. आपली गावावरून पडलेली आडनावे उर्दू कागदात बहुधा गाळली जातात, आणि पासपोर्टवर मात्र असतात. वयाचा रकाना मोकळा. साक्षीदारांच्या सह्या आहेत, पत्ते नाहीत. मेहेरच्या रकान्यात रक्कम आहे, पुढे एकच शब्द : ‘मुअज्जल’. आता उर्दू जाणणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे. हा शब्द ‘ऐन’ने लिहिला तर अर्थ होतो तात्काळ द्यायचा मेहेर, ‘हम्जा’ने लिहिला तर मागाहून द्यायचा. उच्चार दोन्हींचा एकच. कार्बनच्या पुसट ठशात ते अक्षर कुठले होते हे आम्हाला भिंग लावूनही कळले नाही. एका अक्षराने एका बाईचे देणे फिटलेले होते किंवा उरलेले होते, आणि ते अक्षर कुणी नीट लिहिले नव्हते.

मुलीला विचारले, “तुझी प्रत कुठे आहे?” ती म्हणाली, “माझी? ती सासऱ्यांकडे असते.” आणलेले पान चुलत्याने जमातीच्या वहीवरून मागून घेतलेले होते. निकाह तिचा, संमती तिची, मेहेर तिचा, आणि कागद सासऱ्याच्या कपाटात.

आता तारखेचे. निकाह रात्री इशाच्या नमाजनंतर झाला. निकाहनाम्यावर फक्त हिजरी तारीख होती. मगरिबला सूर्य मावळला की हिजरी दिवस बदलतो, हे मदरशातल्या पोराला ठाऊक असते. आम्ही मात्र शाळेच्या कपाटातली जंत्री काढली, त्या हिजरी तारखेसमोरची इंग्रजी तारीख पाहिली आणि भाषांतरात लिहून मोकळे झालो. जंत्रीत हिजरी तारखेसमोर पुढचा दिवस असतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात तारीख लग्नपत्रिकेवरून घेतलेली, म्हणजे बरोबर. चूक आमची. एका रात्रीचे दोन दिवस आम्ही केले, आणि साहेबाला बोट ठेवायला जागा मिळाली. ही कबुली आम्ही त्या आईला दिली, इथेही देतो. पण हेही विचारतो : काझीसाहेबांनी हिजरीशेजारी इंग्रजी तारीख आणि वेळ लिहिली असती तर काय बिघडले असते?

हे बोलले की उत्तरे ठरलेली येतात. पहिले उत्तर : निकाह अल्लाहला साक्षी ठेवून झाला, सरकारी कागद कशाला? भाऊहो, निकाहाला साक्षीदार का लागतात? वलीमा का द्यायचा? निकाह लपूनछपून होऊ नये, चारचौघांना कळावा, अशी रसूलल्लाहची (स.अ.) शिकवण का आहे? कारण लग्न ही जगासमोर सांगायची गोष्ट आहे. पूर्वी जग म्हणजे गाव होते. चारशे माणसे जेवली की जगाला कळले. आता मुलीचे जग सात समुद्रांपलीकडे आहे, तिथे ती चारशे माणसे येत नाहीत. तिथे कागदच बोलतो. आणि लिहिण्याचे म्हणाल तर कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, कशाबद्दल आहे? देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, लहान-मोठे म्हणून कंटाळू नका, याबद्दल. न दिलेला मेहेर हे कर्जच आहे. दुकानातली उधारी आपण वहीत पैशापर्यंत लिहितो, आणि बायकोच्या देण्याचे अक्षर पुसट राहते. हा दीन नव्हे, हा आळस आहे. आळसाला दीनाची टोपी घालू नये.

दुसरे उत्तर : सरकारी नोंदणी म्हणजे शरियतमध्ये दखल. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ सालापासून आहे. आताचा कायदा १९९८ चा. तो सर्व धर्मीयांना लागू आहे. खेडेगावात नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि निकाह लावणारा काझी यांनी सही करायची. म्हणजे काझीला बाजूला सारलेले नाही, काझीची सही मागितली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता! आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ठाण्याचे एक प्रकरण आले. एका मुसलमानाने अल्जीरियाच्या स्त्रीशी केलेला निकाह, तो त्याचा तिसरा असल्यामुळे, नोंदवायला नकार देण्यात आला होता. न्यायालयाने सांगितले की १९९८ चा कायदा मुस्लिम व्यक्तिगत कायदा बाजूला सारत नाही, नोंदणी नाकारता येणार नाही. तिसऱ्या लग्नाची बाजू आम्ही घेत नाही. मुद्दा एवढाच, की ‘नोंदणीमुळे शरियत बुडते’ या म्हणण्याला कोर्टाच्या निकालातही आधार उरलेला नाही.

मग खरी भीती कशाची? ती उघड बोलू या. नोंदणीला वय लिहावे लागते; मुलगी अठरा आणि मुलगा एकवीसचा हवा. पहिली बायको आहे का, हे लिहावे लागते. लिहिले की नाकारता येत नाही. ज्यांना हे लिहायचे नाही तेच धर्माच्या नावाने ओरडतात, आणि गरीब बाप बिचारा त्यांच्यामागे जातो.

एक भीती मात्र खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आसामात २०२४ साली काझींकडची नोंदणी काढून सरकारी निबंधकाकडे देण्यात आली. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. उद्या आपल्या हातून सगळेच जाईल, असे लोकांना वाटते. ठीक आहे. पण ज्याची वही चोख असते त्याच्या हातून वही काढून घेणे अवघड असते. मोकळे रकाने आणि पुसट अक्षरे हेच तर वही काढून घेणाऱ्याचे सगळ्यांत मोठे निमित्त!

तिसरे उत्तर : आमची मुलगी कुठे परदेशी जाणार आहे? न जावो. पण कागद काय फक्त व्हिसासाठी लागतो? नवरा आखातात अपघातात गेला, तर भरपाईचा अर्ज कोण करणार? विधवेच्या पेन्शनला, वारसा नोंदीला, पोटगीच्या दाव्याला पहिला प्रश्न एकच : तुमचे लग्न झाले होते कशावरून? तिकडे राहणारा जावई मिळाला म्हणून पंधरा दिवसांत निकाह लावून देणारे बाप आम्ही पाहिले आहेत. वर्षाने जावयाचा फोन लागेनासा होतो, आणि मुलीच्या हातात त्याच्याविरुद्ध दाखवायला एक चिठोरेही नसते. परदेशस्थ भारतीयांच्या लग्नाची तीस दिवसांत नोंद झाली पाहिजे, असे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानेही अशी नोंदणी सक्तीची करा म्हणून अहवाल दिला. सरकार करील तेव्हा करील. जमातीला कुणी अडवले आहे?

आणि हे फक्त परक्या देशांचेच नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला ओ.सी.आय. कार्ड हवे असेल तर आपला २०१५ चा सुधारित कायदा सांगतो की विवाह नोंदलेला हवा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला हवा. उद्या केपटाऊनच्या किंवा लंडनच्या कोकणी घरातली सून कोकणात नांदायला आली तर आपले सरकारही तिला हाच कागद मागेल.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक जमातीने निकाहाच्या दिवशीच, दस्तरखान उचलण्याआधी, काही गोष्टी कराव्यात. निकाहनाम्याचा एकही रकाना मोकळा सोडू नये. नावे पासपोर्टवर किंवा शाळेच्या दाखल्यावर असतील तशीच, आडनावासह लिहावीत. हिजरीबरोबर इंग्रजी तारीख आणि वेळ लिहावी. मेहेर अक्षरी आणि आकडी लिहावा, आणि दिला की द्यायचा आहे हे सरळ वाक्यात लिहावे. एक प्रत वधूच्या हातात द्यावी. बापाच्या नाही, सासऱ्याच्या नाही, तिच्या. आणि त्याच आठवड्यात जमातीच्या माणसाने दोघांना ग्रामपंचायतीत नेऊन नोंद करावी. कायद्याने नव्वद दिवस दिले आहेत, पण नवऱ्याची रजा सव्वीस दिवसांची असते. तो विमानात बसला की सह्या राहिल्या त्या राहिल्याच. मांडव, बिर्याणी, मंडपाची रोषणाई यांवर लाख-लाख उडवणाऱ्या समाजाला हे परवडत नाही, असे कुणी म्हणू नये.

साहेबाशी भांडायचेच आहे. त्याने आमच्या लग्नाकडे आमच्या रीतीने बघावे, काझीला, शेजाऱ्यांना, गावाला विचारावे, रजा आणि पगार बघून मग सहवासाचे दिवस मोजावेत, ही मागणी आम्ही सोडणार नाही. पण भांडायला उभे राहणाऱ्याच्या हातात कागद लागतो. बाई मरियमच्या बाजूने उभे राहणाऱ्यांना निदान एवढे तरी सांगता येत होते की निकाह झालेला आहे, तुमचा कायदाच आंधळा आहे. आपल्या मुलीच्या बाजूने उभे राहताना, तारीख कुठली, वय किती आणि ते अक्षर ऐन की हम्जा, या प्रश्नांवर आपणच अडखळतो.

त्या मुलीचे भाषांतर आम्ही नव्याने करून दिले, चुकीची कबुली लिहून दिली, काझीसाहेबांनी वेळेसह खुलासा दिला, शेजारच्या हिंदू बिऱ्हाडातल्या आजोबांनी लग्नाला हजर असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. पंक्तीत वाढणाऱ्या एका पोराच्या मोबाइलमध्ये वलीम्याचा फोटो सापडला. त्यात नवरा-नवरी एका कोपऱ्यात दिसतात, तीही आपल्याकडे पाठ करून. अर्ज पुन्हा गेला आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

दरम्यान सातवीच्या वर्गात अर्जलेखनाचा तास आला की आम्ही फळ्यावर एक कोरा निकाहनामा काढतो. मुलींना एकेक रकाना वाचायला लावतो. ‘मुअज्जल’ दोन्ही प्रकारे लिहून दाखवतो आणि दोन्हींचे अर्थ पाठ करून घेतो. पहिल्या दिवशी मुली लाजून हसत होत्या. मग एकीने हात वर केला आणि विचारले, “सर, ही प्रत कोणाची?”

आम्ही सांगितले, “तुझी.”